परमिटवर चौघे

माझ्या नवऱ्याकडे एक वही होती आणि त्या वहीत त्यानं कधीही न पाहिलेल्या जागांना मार्क दिलेले होते. ऑस्ट्रेलियातल्या, न्यूझीलंडमधल्या, कुठल्या कुठल्या नदीकाठच्या जागा. घरासारख्या गाडीत राहून फिरणाऱ्या लोकांना मुक्काम करता यावा म्हणून तिकडच्या सरकारांनी मोकळ्या ठेवलेल्या, फुकट किंवा जवळजवळ फुकट. तिथे गेलेले लोक व्हिडिओ टाकायचे आणि हा जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून ते बघायचा. पाण्याचा नळ आहे का, संडास कसा आहे, किती रात्री राहू देतात, सावली कुठल्या बाजूला पडते, सगळं रकान्यांत भरायचा. एका तळ्याकाठच्या जागेला त्यानं दहापैकी साडेसात मार्क दिले होते. बाकीचे अडीच कुठे गेले असं मी विचारलं, तर म्हणाला, नळाची धार बारीक आहे.

आम्ही राहतो तो देश मेट्रोनं दीड तासात संपतो. आमच्याकडे गाडी नव्हती आणि स्टिअरिंगला हात लावून त्याला वीस वर्षं झाली होती. मी याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे. तो हसायचा आणि म्हणायचा, फुकट ते पौष्टिक. मुलगी पॉलिटेक्निकमधून बाहेर पडली की आपण दोघांनी ऑस्ट्रेलियात जाऊन एक जुनी व्हॅन घ्यायची आणि वहीतल्या जागा एकेक करत खऱ्या करायच्या, असा त्याचा बेत होता. व्हॅनमध्ये स्वयंपाक कोण करणार, हे मी विचारलं नव्हतं. उत्तर मला माहीत होतं.

त्या वर्षी त्याची पॅन्ट सैल झाली. आधी आम्ही खूश झालो. ऑफिसात लोक विचारायला लागले, कुठलं डाएट करतोस. मग खोकला आला आणि गेलाच नाही. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात तपासण्या सुरू झाल्या. स्कॅन झालं, त्याचा निकाल ऐकायला तो एकटाच गेला, कारण त्या दिवशी माझ्या ऑफिसात मुदतीचं काम होतं. मी पाया लेबारच्या एका कंपनीत परदेशातून येणाऱ्या लोकांच्या नोकरीच्या पासांचे अर्ज भरते. एक आकडा चुकला तर माणूस विमानतळावर अडकतो, त्यामुळे मुदत म्हणजे मुदत. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, नक्की काही सांगता येत नाही म्हणतात, छातीतला तुकडा काढून तपासणार आहेत. भाजीत मीठ कमी आहे, हेही त्याच दमात म्हणाला. मी सुटकेचा श्वास सोडला. आज त्या श्वासाची मला लाज वाटते.

तुकडा काढून झाला. पुढची भेट शुक्रवारी होती, तिघांनी मिळून जायचं ठरलं होतं. आणि त्याच आठवड्यात, बुधवार-गुरुवार, यानं समुद्रकाठच्या पार्कात तंबू ठोकायचा बेत काढला.

इथेही फुकट मुक्काम करता येतो हे त्याला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मॉलमध्ये जिथे आपण बिलं भरतो त्या मशीनवर जायचं, कुठलं पार्क, कुठले दिवस, माणसं किती, एवढं भरायचं, की परमिटची चिठ्ठी बाहेर येते. एक पैसा लागत नाही. वहीतल्या एवढ्या जागांपैकी एकीवरही त्याचा पाय पडला नव्हता. आता या पहिलीवर पडणार होता. निळा तंबू मागवून झाला. मुलीला सुट्टी होती, तिनं आधी नाक मुरडलं, मग बाबाचा चेहरा बघून इथल्या पद्धतीनं “ओके ला” म्हणायचं तेवढं म्हणाली.

मंगळवारी दुपारी मी ऑफिसात डबा खात होते. हॉस्पिटलचं ॲप माझ्या फोनवर होतं, कारण त्याच्या भेटींच्या तारखा मीच सांभाळत होते. फोन वाजला. तपासणीचा रिपोर्ट आला होता. रोज शंभर फॉर्म बघणाऱ्या माणसाची नजर बरोबर त्या एका रकान्यावर जाते. तो शब्द कळायला डॉक्टर असावं लागत नव्हतं. कर्करोग होता, आणि फुप्फुसापुरता राहिलेला नव्हता. मी फोन पालथा ठेवला, उरलेली पोळी खाल्ली आणि दोन अर्ज भरले. दोन्ही बिनचूक होते, नंतर मी तपासून पाहिलं.

घरी जाताना मेट्रोत उभ्या उभ्या मी ठरवलं, की शुक्रवारपर्यंत बोलायचं नाही. दोनच दिवसांचा प्रश्न होता. दोन दिवसांत दुखणं कुठे पळून जाणार होतं. त्याच्या सगळ्या वहीतली एक तरी जागा त्याला बघू दे, डोक्यावर काही नसताना बघू दे. हे त्याच्यासाठी होतं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तोंड उघडायची भीती वाटत होती.

फ्रिजवर चुंबकाखाली परमिटची चिठ्ठी लावलेली होती. मी सवयीनं वाचली. पार्क बरोबर, तारखा बरोबर, माणसं चार.

माझं डोकंच फिरलं. आपण तिघं आहोत आणि सरकारी फॉर्मवर चार लिहितोस, कुणी तपासायला आलं म्हणजे काय सांगणार, माझ्या नवऱ्यानं तरी असा फॉर्म भरू नये, असं मी बरंच काही बोलले. त्या एका आकड्यावर मी दुपारपासूनचं सगळं काढलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “असू दे. चार बरोबर आहेत.”

तेवढ्यात साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. कुठे निघालात, कोण कोण, हे त्यांनी विचारून घेतलं आणि त्यांचा सूर बदलला. तिघांनी मिळून कुठे जाऊ नये, तीन तिगाडा काम बिघाडा, जायचंच असेल तर चौथी म्हणून एक सुपारी बरोबर घ्या. मुलगी झाल्यावर पहिल्यांदा तिघं मिळून कोल्हापूरला गेलो तेव्हाही त्यांनी माझ्या पर्समध्ये सुपारी टाकली होती आणि मी चिडले होते. या वेळी मी चिडले नाही. तोच म्हणाला, “आई, काळजी नको करू. आम्ही चौघं आहोत.” सासूबाईंनी समाधानानं फोन ठेवला.

मला उलगडा झाला. आईचं मन राखायला यानं आधीच सुपारी घेतली आणि गंमत म्हणून परमिटवर तिलाही मोजलं. इतर कुठल्याही दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली असती, कारण हा माणूस सुपारी-बिपारी मानणारा नव्हता. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष माझ्या पोटातली गोष्ट ओठांवर येऊ नये याकडे होतं.

बुधवारी दुपारी आम्ही ट्रॉली ओढत पार्कात पोचलो. समोर समुद्र होता, पण तो समुद्र वाटत नव्हता. नजर जाईल तिथवर मालवाहू जहाजं उभी होती, एकही हलत नव्हतं. ती सगळी आत यायची परवानगी मिळायची वाट बघत असतात, असं नवऱ्यानं मुलीला सांगितलं. दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान त्यांच्यावरून खाली उतरत होतं. हवा जड होती, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि वाळूवर एक भली मोठी घोरपड कुठेही न बघता आमच्या सामानाशेजारून चालत गेली. मुलगी ओरडली नाही, तिनं फक्त माझा दंड धरला.

तंबू उभा राहिला. पार्कचा नियम असा, की दिवसा तंबूच्या दोन बाजू उघड्या ठेवायच्या, आत काय आहे ते बाहेरून दिसलं पाहिजे. संध्याकाळी सातनंतर बंद करायला हरकत नाही. नवऱ्यानं नियमाप्रमाणे दोन पडदे गुंडाळून बांधले. त्याला दम लागला. तो खाली बसला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला, बराच वेळ. मी धपाटे काढायला लागले, कारण मला काहीतरी काढायचं होतं.

शेजारी, वीस पावलांवर, एक जुना हिरवा तंबू होता. त्यात एक म्हातारे चिनी अंकल राहत होते. राहत होते असंच म्हणावं लागेल, कारण त्यांच्याकडे किटली होती, खुर्ची होती, दोरीवर वाळत घातलेले बनियन होते. परमिट संपलं की ते दुसऱ्या पार्कात जातात आणि काही दिवसांनी परत इथे येतात, हे मला नंतर कळलं. नवरा आणि मुलगी पाण्याकडे गेले तेव्हा मी त्यांना दोन धपाटे नेऊन दिले. त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. मग लांब चाललेल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, आज कुटुंबाला घेऊन आला, बरं केलं, दर वेळी एकटाच येतो.

मी म्हटलं, तुमची चूक होतेय, आम्ही इथे पहिल्यांदाच आलो आहोत.

अंकलनी मान हलवली. दोनदा की तीनदा आलाय, म्हणाले, ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. दुपारभर बसतो. माझ्याच खुर्चीवर बसतो. जहाजं बघतो. काही बोलत नाही. आणि मग आपल्या गालांवरून दोन बोटं खाली ओढून त्यांनी मला दाखवलं, की त्याचे गाल आत गेलेत, तो वाळलाय.

माझा नवरा ऑफिस सोडून इथे येऊन बसत होता आणि घरी येऊन मला मीटिंगच्या गोष्टी सांगत होता. नोकरी गेली की काय, हा पहिला विचार आला. दुसरा विचार येऊ नये म्हणून मी पहिलाच धरून ठेवला. तो पाण्यावरून परत आल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानंही मला काहीतरी विचारलं असतं.

सूर्य मावळायच्या सुमाराला तपासणी करणारा माणूस सायकलवरून आला. तरुण होता, सौजन्यानं बोलत होता. त्यानं तंबूला अडकवलेली चिठ्ठी वाचली, आत वाकून पाहिलं आणि आम्हाला बोटानं मोजलं. परमिटवर चौघे, दिसतात तिघे, चौथा कुठे आहे, असं त्यानं विचारलं. पाण्यात तर कुणी नाही ना, अंधार पडायच्या आत प्रत्येकाचा पत्ता लागला पाहिजे.

मला वाटलं आता हा सुपारीची गोष्ट सांगणार आणि आपण सगळे हसणार. मी हसायची तयारीही केली होती. नवरा समुद्राकडे बघत म्हणाला, “कमिंग. ही इज कमिंग.”

तो माणूस ठीक आहे म्हणून गेला. मुलीनं विचारलं, कोण येतंय. तो म्हणाला, कोणी नाही गं, गंमत. पण तिनं त्यानंतर दोनदा पायवाटेकडे वळून पाहिलं, आणि मीही पाहिलं. सात वाजले. त्यानं उठून तंबूचे दोन्ही पडदे सोडले आणि चेन लावली.

झोप कुणाला लागली, कुणाला नाही, हे कुणीच कुणाला सांगितलं नाही. उजाडायला लागलं तसा वारा सुटला. या देशात पहाटे असं एक वादळ पश्चिमेकडून येतं, तासाभरात सगळं उपटून टाकतं आणि निघून जातं. आकाश काळंनिळं झालं, जहाजं दिसेनाशी झाली, तंबूचे दोन खुंटे उपटले. नवऱ्यानं मुलीला अंथरुणं देऊन स्वच्छतागृहाच्या छपराखाली पळवलं आणि स्वतः बाहेर राहून तंबूचा खांब धरला. तो खोकत होता आणि खांब सोडत नव्हता. मी आत गुडघ्यांवर बसून त्याची बॅग भरत होते, आणि त्या क्षणी, देवाधर्माची टिंगल करणारी मी, ती सुपारी शोधायला लागले. ती आहे ना, एवढंच मला बघायचं होतं. बाहेरचे खिसे, आतले खिसे, चष्म्याचं घर, सगळं पाहिलं. सुपारी नव्हती.

वही होती. भिजू नये म्हणून मी ती पोटाशी धरली आणि मग उघडली. शेवटच्या पानावर या पार्काचं नाव होतं आणि खाली रकाने. पाणी, चांगलं. संडास, स्वच्छ. सावली, दुपारी तीननंतर. पुढे एक नवा रकाना त्यानं हातानं आखला होता, माणसं. त्याच्या तीन फेऱ्यांच्या तीन ओळी होत्या. पहिली तारीख स्कॅनच्या निकालाच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या दिवशी तो एकटा आला होता. अंकल तसंच म्हणाले होते, एकटाच येतो. तिन्ही ओळींपुढे त्यानं लिहिलं होतं: माणसं २. आणि कालच्या तारखेपुढे: माणसं ४.

मला समजलं. सुपारी नव्हतीच कधी. जो चौथा होता तो तीन आठवड्यांपासून त्याच्याबरोबर होता, इथे खुर्चीवर त्याच्याबरोबर बसला होता, आमच्या घरी जेवायला होता.

मी पडदा वर केला. तो नखशिखांत भिजला होता. त्यानं माझ्या हातातली वही पाहिली.

“तुला कधी कळलं?” त्यानं विचारलं.

“मंगळवारी. रिपोर्ट आला फोनवर.”

“मला डॉक्टरांनी स्कॅनच्याच दिवशी सांगितलं होतं. तुकडा फक्त नाव कळायला काढला.”

मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. तीन आठवडे हा माणूस मीठ कमी आहे म्हणत जेवला होता. मग आठवलं, की मीही रिपोर्ट वाचून पोळी संपवली होती. मी बाहेर आले आणि खांबाची दुसरी बाजू धरली. पाऊस तोंडावर येत होता, त्यामुळे रडायची सोय होती. थोड्या वेळानं तो स्वच्छतागृहाच्या दिशेला मान वळवून म्हणाला, “तिच्यासाठी शुक्रवारपर्यंत आपण तिघंच राहू.”

वादळ आलं तसं गेलं. ऊन पडलं, जहाजं जिथल्या तिथे पुन्हा दिसायला लागली. आम्ही ओला तंबू गुंडाळत होतो तेव्हा कालचा तो माणूस सायकलवरून परत आला. कुणाला लागलं-बिगलं नाही ना, त्यानं विचारलं. जाता जाता त्याला आठवलं, आणि त्यानं आपुलकीनं विचारलं, तुमचा तो चौथा आला का शेवटी.

“आला,” नवरा म्हणाला. मुलगी त्या वेळी दोरी गुंडाळत होती. तिचे हात थांबले, पण तिनं वर पाहिलं नाही.

शुक्रवारी नोव्हेनाला डॉक्टरांनी खुर्च्या मांडून दिल्या, मुलगी मध्ये बसली आणि तिलाही मोजणी कळली. नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. औषधं झाली, सुया झाल्या, सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि त्यांनी त्याच्या उशीखाली काय काय ठेवलं. मी काहीच काढून टाकलं नाही. दहा महिने गेले. शेवटी शेवटी तो सोफ्यावर पडून पुन्हा ते व्हिडिओ बघायचा, पण मार्क देत नव्हता. एकदा म्हणाला, त्या तळ्याकाठच्या नळाला मी उगाच कमी दिले.

या वर्षी सुट्टी लागली तेव्हा मुलगीच म्हणाली, आई, जाऊया का तिथे. मॉलमधल्या मशीनसमोर आम्ही उभ्या राहिलो. पार्क भरलं, तारखा भरल्या. माणसं किती, या रकान्याशी माझं बोट अडलं. आयुष्यभर लोकांचे फॉर्म भरलेली मी, मला तेवढं गणित येईना. चौघांतला एक कमी होईल याची आम्हाला भीती होती. गेले ते दोघे, बरोबरच, एकमेकांना सोडून राहिले नाहीत.

मुलीनं माझं बोट बाजूला केलं आणि स्वतः आकडा दाबला. चिठ्ठी बाहेर आली. मी ती सवयीनं वाचली. पार्क बरोबर, तारखा बरोबर, माणसं दोन.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. कोण कोण निघालात, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊन या. सुपारीचं त्यांनी काढलं नाही. दोघींना सुपारी लागत नाही.